फर्डा म्हणतात त्याला

सिरोंचा,
शुक्रवार दुपार

प्रिय रोशन,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. मला लिहायची सवय नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? दहावीत निबंधाला जे काही मार्क पडले ते तुझ्या वहीतून उतरवलेल्या पहिल्या दोन ओळींचे होते, पुढं मी भलतंच लिहीत गेलो होतो. इथंही तसंच होणार, तर सांभाळून घे. कागद जमीलाखालाच्या शिवणक्लासच्या वहीतला आहे. जमीलाखाला म्हणजे अम्मीची धाकटी बहीण, सिरोंच्याला दिलेली. मागच्या बाजूला ब्लाउजचं कटिंग काढलेलं दिसेल, त्याकडं लक्ष देऊ नको. बाहेर ऊन असं आहे की गोदावरीकडं पाहवत नाही. खाला आत झोपली आहे, कूलर घरघरतो आहे आणि मी उंबऱ्याशी पालथा पडून लिहितो आहे. बोलायला कोणी नाही. खाला शेजारणीशी तेलुगूत बोलते, माझ्याशी उर्दूत, आणि माझ्याशी तिचं बोलणं लवकर संपतं.

तर फर्डा. तो शब्द मी चार दिवस शोधून राहिलो आहे. दिवाळीनंतर आपल्या नाटक कंपनीचं पहिलं पोस्टर छापून आलं तो दिवस आठव. वडशाच्या ऑफिससमोर आपण सगळे उभे. मधोमध माझा फोटो, फेटा बांधलेला, बोट वर केलेलं, आणि खाली लाल अक्षरात ‘झाडीपट्टीचा फर्डा कलावंत नदीम’. तू जवळ जाऊन वाचलंस आणि विचारलंस, “फर्डा म्हंजे काय बे? कुठून आला हा शब्द?” मी म्हटलं, “जो फाडून टाकते तो फर्डा!” सगळे खिदळले. तू हसला नाहीस. तुला खरंच पाहिजे होतं ते. अख्ख्या पोस्टरवर तुझं नाव कुठंच नव्हतं, पण तू त्याबद्दल विचारलं नाहीस, त्या एका शब्दाबद्दल विचारलंस.

आता तू म्हणशील, घरी माझ्या बापाची तेरवी तोंडावर आली आणि हा शब्दांची मुळं खणत बसला. रविवार पाहून तेरवी दोन दिवस आधी धरली आहे, ते मी विसरलेलो नाही. तुझे काका, मुखरूकाका, सोमवारी अब्बांच्या दुकानात आले होते ते सगळं सांगून गेले. तेरवीला वारसाचं पागोटं तुझ्या डोक्यावर नाही, चुलतभाऊ अजयच्या डोक्यावर बांधायचं म्हणतात. “जो बापाच्या मातीले नाई आला, त्याच्या डोक्याले पागोटं कायले?” असं म्हणाले. अब्बा खाली मान घालून मशीन चालवत राहिले. मी इस्त्री करत होतो, पडदा जळता जळता वाचला. काका गेल्यावर अब्बांनी मला विचारलं, तुझे कुछ मालूम है क्या? मी म्हटलं, मुझे क्या मालूम. आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली नि इकडं निघालो.

निघालो ते तुझी पिशवी आणायला. मिरची तोडायच्या शेतावरून तू नेसत्या कपड्यानिशी वडसा-सिरोंचा भाडं मारणाऱ्या मुन्नाच्या जीपमध्ये बसलास, तुझं सामान तिथंच राहिलं, हे मुन्नानंच सांगितलं होतं. निघता निघता म्हटलं, चला, वाटेत तो शब्दही विचारत जाऊ. अब्बांपासूनच सुरुवात केली. ते आपल्या नाटकांचे मखमली पडदे शिवतात, त्यांना सगळं कापडातच दिसतं. म्हणाले, “कैंची को धार हो और हाथ न रुके, तो कपड़ा फर्र से कटता जाता. बीच में अटका तो समझो दर्जी कच्चा. वैसा ही बोलने वाला, फर्डा.” मला पटलं. गडचिरोलीला वाचनालयातल्या बाईंना विचारलं. त्यांनी जाडजूड कोश काढला, चष्मा पुसला, पानं उलटली. न अडखळता, सफाईनं बोलणारा, असा अर्थ वाचून दाखवला. मी म्हटलं, पण आला कुठून? त्या म्हणाल्या, “ते ह्यात दिलेलं नाही. अंदाज बांधतात लोक. तुम्हाला कशाला पाहिजे?” मी म्हटलं, दोस्ताला सांगायचं आहे. “मग फोन करून अर्थ तरी सांगून टाका,” म्हणाल्या. मी कोश मिटून त्यांच्या हातात दिला आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यालो. दोन ग्लास.

तुझं शेत सापडलं. पुलावरून पलीकडं, तेलंगणात, मी होळीनंतर तुला सोडायला आलो होतो तोच कच्चा रस्ता. तुझी टोळी अजून आहे. मिरची वाळत घातलेली, एवढी लाल की डोळ्यांना त्रास होतो, आणि शिंका थांबत नाहीत. तुझ्या गावच्या बाया मला पाहून पाठ फिरवून तोडायला लागल्या. एकीनं झोपडीत जाऊन तुझी पिशवी आणली आणि माझ्या पायाशी ठेवली, हातात दिली नाही. दोन शर्ट, टॉवेल, चार्जर, आणि तळाशी ती वही. मी उघडून पाहिली, चुकलं असेल, पण पाहिली. मला वाटलं मिरचीचा हिशेब असेल. त्यात तू पुढच्या सीझनच्या नाटकाचे माझे संवाद लिहून काढले होतेस. कंपनीच्या स्क्रिप्टमधली जड वाक्यं मोडून, माझ्या तोंडाला बसतील अशी. दिवसभर मिरची तोडून संध्याकाळी हे करत होतास तू. मी तिथंच वाफ्याच्या कडेला बसलो. बायांनी पाणीही विचारलं नाही, आणि बरोबरच आहे.

बाहेरच्या माणसाला आपलं काम सांगितलं तर खरं वाटत नाही. खालाला काल सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तुला पाठ काहीच नसतं? काहीच नसतं, खाला. दिवाळी ते होळी, आज या गावी, उद्या त्या गावी, नाटक कधी कधी परवाच हातात आलेलं. विंगेत प्रॉम्प्टर बसतो, वाक्य हळूच टाकतो, आणि नट ते उचलून लोकांवर फेकतो. पाच-सहा हजार माणूस रडतं, टाळ्या मारतं. त्यातलं एकही वाक्य नटाच्या डोक्यात आधी नसतं, नंतरही राहत नाही. कानातून तोंडात, बस. तीन वर्षं माझ्या कानात तूच होतास. तुझा आवाज आला की माझं तोंड आपोआप उघडायचं, मधे मी नसायचोच. एका गावी तू म्हणालास, “नदीम, मिशी निघाली,” आणि मी भर दरबारात गरजलो, “महाराज, मिशी निघाली!” लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. तू विंगेत तोंडात टॉवेल कोंबून हसत होतास आणि मला पुढचं वाक्य मिळेना. हे आठवून मी काल एकटाच हसलो. खालानं आतून विचारलं, कोण आलं आहे?

आणि सुकलूकाका. तुझा बाप नाटकाला यायचा तेव्हा कधी समोर बसला नाही. पास दिला तरी नाही. बाजूला, विंगेच्या कनातीला पाठ लावून, घोंगडं पांघरून बसायचा, जिथून स्टेज दिसतही नाही. मी एकदा म्हटलं, काका, समोर खुर्ची ठेवली आहे ना तुमच्यासाठी. तो म्हणाला, “समोर बसलो का तू आयकू येते बापू. इथी बसलो का माहा पोरगा आयकू येते.” मी ते हसण्यावारी नेलं. कोणाला तरी विनोद म्हणून सांगितलंही. तुला मात्र आजपर्यंत सांगितलं नाही. का नाही सांगितलं कोण जाणे. माझं बोलणं ऐकायला हजारो येतात आणि एक म्हातारा माझ्या आवाजाच्या पलीकडचं ऐकायला येतो, हे मला आवडलं नसेल.

आता ते मागच्या आठवड्यातल्या मंगळवारचं लिहितो.

त्या मंगळवारी मी सहज तुझ्या घरी गेलो होतो, मोहफुलं घ्यायला, वडशातल्या एकाला पाहिजे होती. काका खाटेवर. चार दिवस ताप, अन्न नाही. तुझा फोन लागत नव्हता. पाण्यात पडून बिघडला होता, गावी येऊन दुरुस्त केलास, हे मुन्नानं नंतर सांगितलं. शेत कुठं आहे ते टोळीशिवाय फक्त मला माहीत. काकानं मला जवळ बोलावलं. म्हणाला, “तिकडं जाशीन तं रोशनले सांगजो. मिरची तोडनं झालं असंन तं ये म्हनाव. घाई नोको करू म्हनाव, पन सांगजो.” तुझी माय, धुरपताकाकू, रस्त्यापर्यंत माझ्या मागं आली. गाडीचं हँडल धरून म्हणाली, “थो तसाच बोलते. तू आजच जाय बापू.” मी म्हटलं, काकू, उद्या दुपारपर्यंत रोशन समोर उभा करतो. बोलायला मला काय लागतं?

निघालो मात्र लगेच. खोटं नाही सांगत. संध्याकाळी आलापल्लीच्या पुढं, एका गावाजवळ चहाला थांबलो. तिथं कबड्डीचे सामने चालू होते आणि माईकवरच्या माणसाचा घसा बसला होता. चहावाल्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं. “अबे, हा तं पोस्टरवाला! फर्डा!” पाच मिनिटांत माझ्याभोवती गर्दी. रोशन, होळीनंतर मला कोणी ओळखलं नव्हतं. नाटकं संपली की मी अब्बांच्या दुकानात पडद्याला इस्त्री करणारा एक पोरगा असतो, गिऱ्हाईक माझ्याकडं पाहून पँटच्या चेनचं विचारतं. तूही नव्हतास. दोन महिने मी कोणाशी दोन वाक्यांच्या वर बोललो नव्हतो. त्यांनी माईक हातात दिला. एकच सामना म्हणून बसलो. कबड्डीला प्रॉम्प्टर लागत नाही, समोर दिसतं ते बोलत जायचं, आणि मी बोललो! पोरं पट्टीला शिवत होती आणि लोक माझ्याकडं पाहत होते. त्यांनी जेवू घातलं, झोपायला शाळा उघडून दिली. बुधवारी सकाळी पिशवी गाडीला बांधली तर म्हणाले, आज सेमीफायनल आहे भाऊ, असं कसं जाता. मी मनात म्हटलं, काकानं स्वतःच सांगितलं आहे ना, घाई नको. गुरुवारी फायनल. दुपारी बक्षिसं वाटताना फोन वाजला. वडशाहून कोणीतरी बोलत होतं. काका गेला. रोशन भेटला का, असं त्यानं विचारलं. मागं लाउडस्पीकर चालू होता, मी म्हटलं, आवाज येत नाही.

तिथून तुझं शेत अडीच-तीन तासांवर होतं. या खेपेला येताना मी घड्याळ लावून पाहिलं. मी तुझ्याकडं यायला पाहिजे होतं. तुझं तोंड पाहायची हिंमत झाली नाही, म्हणून मुन्नाला फोन करून म्हटलं, तुझी जीप त्या बाजूला असते, रोशनला एवढं सांग, आणि मी उलटा फिरलो. आणि अजून एक आहे, तेही लिहून टाकतो. फोनवरचा माणूस म्हणाला होता, उद्या मातीनंतर शोकसभेत तुलाच बोलायचं आहे, आपल्याकडं दुसरं कोण आहे? उलटं फिरताना हे माझ्या डोक्यात होतं. वाटभर मी वाक्यं जुळवत आलो.

दिवेलागणीला पोचलो. काकू दारातच होती. रडली नाही, फक्त विचारलं, “सांगतलंस ना बापू त्याले?” मी मान हलवली. बोललो नाही रे, नुसती मान. होय म्हटल्यासारखी. तिनं पुढं विचारलं नाही, आत गेली. त्या एका मान हलवण्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. तुझ्यासाठी माती सकाळपर्यंत थांबवली त्यांनी. प्रत्येक जण रस्त्याकडं पाहत होता आणि मला विचारत होता, निघाला म्हणाला होता ना? आणि मी, “हो, येईलच.”

शुक्रवारी नदीकाठी माती झाली. मग झाडाखाली सगळे बसले, भजनी मंडळाचा स्पीकर होता, सरपंच बोलले, गुरुजी बोलले, आणि माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. “सुकलूकाका म्हणजे,” एवढं म्हटलं, आणि पुढं काही नाही. वाटभर जुळवलेलं सगळं गेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मागं कोणी नव्हतं. माझा कान आपोआप मागं गेला, सवयीनं. मागं मुखरूकाका अजयच्या कानाशी बोलत होते. “निरोप भेटूनई पोरगा नाई आला. बापाले शेवटचं पानीई नाई पाजलं त्यानं.” आणि रोशन, माझ्या तोंडानं ते उचललं. तसंच, जसं तुझं उचलायचं. “निरोप मिळूनही पोरगा आला नाही! बापाला शेवटचं पाणीही पाजलं नाही त्यानं!” मधे श्वास घेऊन, आवाज चढवून, तिसऱ्या अंकात घेतो तसा. म्हणून झाल्यावर मला ऐकू आलं मी काय म्हटलं ते. बायांनी हंबरडा फोडला. कोणीतरी मोबाईल धरला होता, तो व्हिडिओ तू पाहिलास. तिथवर ती माझी सवय होती, अल्लाकसम. त्याच्या पुढं सवय नव्हती. लोक हातात आले होते, ते मला कळत होतं, आणि मी थांबलो नाही. व्हिडिओत दिसतं ना, पुढची दहा मिनिटं? ती माझी आहेत.

मुन्ना शुक्रवारी तुझ्यापर्यंत पोचला आणि शनिवारी तू आलास. मिरचीच्या हातानं डोळे पुसल्यामुळं डोळे सुजलेले. अंगणात सगळे बसले होते, मुखरूकाकांनी विचारलं, “निरोप भेटला होता का नाई?” तू म्हणालास, “मले काल मुन्नानं सांगतलं. त्याच्या आधी कोनी नाई आलं.” आणि माझ्याकडं पाहिलंस. सगळ्यांनीच पाहिलं. मला एक वाक्य म्हणायचं होतं. मी उभा राहिलो आणि पाव तास बोललो. गंमत बघ, त्यात एकही शब्द सरळ खोटा नव्हता. दोस्तीवर बोललो, म्हाताऱ्याच्या रस्त्याला लागलेल्या डोळ्यांवर बोललो, आणि शेवटी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो की दुःखात माणसाला वार आठवत नाही, त्याला आता कोणी विचारू नका. काय सफाई होती त्यात! सगळ्यांना वाटलं, दोस्त दोस्ताची चूक झाकतो आहे. काकूनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या, तुझ्या नाही. तुझा शब्द आणि माझा, दोन्ही समोर होते आणि गावानं माझा धरला, कारण तू हळू बोलतोस. तू माझा हात खाली काढलास आणि फक्त एवढंच म्हणालास, “आज कोन प्रॉम्प्ट केला बे तुले?” आणि आत गेलास. तेव्हापासून तू माझ्याशी बोलला नाहीस.

काल संध्याकाळी खालाला फर्ड्याचं विचारलं. ती उर्दू-फारसी वाचते थोडं. भाजी निवडता निवडता म्हणाली, फारसी-उर्दूत फर्द म्हणतात, म्हणजे एक माणूस, एकटा. तिथून आला असेल, नसेलही, मी काय सांगू, मला मराठी कुठं येतं? मी म्हटलं, एकट्याचा आणि बोलण्याचा काय संबंध? तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, तू तीन दिवसांपासून इथं आहेस, तुला एकही फोन आला नाही. मग उठून चहा ठेवला. वाचनालयातल्या बाईंचं ऐकून हाही अंदाजच समज. शब्दाचं मूळ काही सापडलं नाही, रोशन. तुला सांगण्यासारखं एवढंच जमलं.

आता हे कशासाठी लिहिलं ते. सकाळी अब्बांचा फोन आला. काकू त्यांना म्हणाली की तू रविवारच्या आधीच गाव सोडणार आहेस, पागोटं अजयला बांधताना पाहायला थांबणार नाहीस. जाऊ नको. मी समोर येऊन हे बोलू शकलो असतो, पण समोर आलो की मी बोलेन, आणि बोललो की जिंकेन, तुलाही रडवेन आणि माफी घेऊन निघून जाईन. मला माझी खात्री नाही. कागदावर माझी ततपप होते, म्हणून कागद. मुन्ना उद्या पहाटे वरात घेऊन वडशाला चालला आहे, हे पत्र आणि तुझी पिशवी तो संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात देईल. मी त्याच्या मागून निघतो, रात्री अब्बांकडं, आणि रविवारी सकाळी पागोट्याच्या आधी तुझ्या अंगणात. मुखरूकाकांना सांगून माईक घेईन. काय म्हणायचं ते ठरलं आहे. सकाळपासून घोकतो आहे आणि दर वेळी तोंड त्याला काहीतरी चिकटवतं, कधी काकाचे डोळे, कधी नशीब, म्हणून इथं लिहून ठेवतो, म्हणजे वाढवलं तर तुला कळेल. ‘मला मंगळवारी पाठवलं होतं. मी रोशनकडं गेलोच नाही. काकूला खोटं मी सांगितलं.’ एवढं म्हणून खाली बसेन. पुढं गावानं तुझ्या डोक्याला पागोटं बांधावं, माझी कॉलर धरावी, काय करायचं ते करावं. तू माझ्याशी बोलायलाच पाहिजे असंही नाही. फक्त तेव्हा तू तिथं अस.

‘तुझाच’ लिहायला हात धजत नाही, तरी दुसऱ्या कोणाचा नाही म्हणून तुझाच,
नदीम